बीजाची शिदोरी

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास लिहिण्याची चाल सर्व देशांत आहे. परंतु एखाद्या प्रश्नाचा इतिहास लिहिण्याची चाल फारशी कोठें आढळत नाहीं. वास्तविक पाहतां प्रश्नांसहि आयुष्य असतें. ते एका देशांत विचारले जातात, शतकानुशतकें निजून राहतात आणि भलत्याच देशांत, भलत्याच माणसांच्या हातून सुटतात. अशाच एका जुन्या प्रश्नाची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. प्रश्न दिसण्यांत अगदीं साधा आहे. जमिनींत पुरलेल्या दाण्यास मूळ धरण्यापूर्वीं आणि पान येण्यापूर्वीं खावयास कोण घालतें?

वाढलेल्या झाडाचें पोट कसें भरतें हें आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. मूळ जमिनींतून पाणी व क्षार ओढून घेतें आणि हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या साह्यानें पाणी व हवेंतील कर्बवायु यांपासून साखर तयार करतें. परंतु ज्याला अद्याप मूळ नाहीं आणि पानहि नाहीं, तो अंकुर मातीचें ढेंकूळ डोक्यावर उचलून वर येतो तो कोणाच्या बळावर? आमच्या घरोघरीं आश्विनांत घट बसतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत मातीच्या थरावर गहूं, ज्वारी वगैरे धान्य पेरतात, आणि नऊ दिवसांत तेथें वीतभर उंचीचीं रोपें उभीं राहतात. तीं पिंवळीं असतात. कारण हिरवें होण्यास लागणारें ऊन त्यांना मिळालेलें नसतें. याचा अर्थ असा कीं, त्यांनीं स्वतः कणभरहि अन्न मिळविलेलें नसतें. तरीहि तीं वाढतात. दसऱ्यानंतर त्यांतलें एखादें रोप उपटून त्याच्या बुडाशीं चिकटलेला दाणा चिमटींत धरून पाहावा. नुसती पोकळ साल हातीं येते. दाण्यांत होतें तें सर्व रोपांत गेलेलें असतें.

बी फोडून आंत पाहण्याची एक फार जुनी गोष्ट आमच्याच वाङ्मयांत आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आरुणि आपल्या मुलास, श्वेतकेतूस, वडाचें फळ आणावयास सांगतो व तें फोडावयास लावतो. आंत बारीक बिया दिसतात. त्यांतली एक फोडल्यावर काय दिसतें असें विचारतां मुलगा उत्तर देतो कीं, कांहींच दिसत नाहीं. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मांतूनच एवढा वटवृक्ष उभा राहिला आहे असें सांगून बाप मुलाला आत्मतत्त्वाकडे नेतो. ऋषीचा रोख ब्रह्मविद्येकडे होता, वनस्पतिविद्येकडे नव्हता. तेव्हां आजचें शास्त्र त्यांत शोधूं जाणें हा त्या ग्रंथावर अन्याय होईल. परंतु मुलाचें उत्तर मात्र प्रामाणिक होतें. वडाची बी एवढी लहान असते कीं, नुसत्या डोळ्यानें पाहणारास दुसरें उत्तर देतां येणें शक्यच नव्हतें. त्या बीच्या आंत एक इवलासा गर्भ असून त्याच्याभोंवतीं अन्नाचा सांठा असतो, हें दिसण्यास भिंग लागतें. आणि भिंग येण्यास अजून दोन हजारांवर वर्षें जावयाचीं होतीं.

ग्रीस देशांतील विचारवंतांनीं भिंगावांचूनच या प्रश्नाच्या बरेंच जवळ जाऊन पाहिलें. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील एंपेडोक्लीझ या तत्त्ववेत्त्याचें मत असें होतें कीं, झाडेंहि अंडींच घालतात. पुढें अॅरिस्टॉटलनें हें मत मान्य करून त्याचा अर्थ उलगडून दाखविला. अंड्याच्या एका भागापासून पिलूं होतें व उरलेला भाग त्या पिलाचें अन्न असतो. त्याचप्रमाणें बीच्या एका भागापासून रोप होतें आणि उरलेला भाग कोवळ्या कोंबास व पहिल्या मुळास पोसतो, असें त्यानें लिहिलें. केवळ साम्यावरून काढलेलें हें अनुमान किती बरोबर होतें तें आज आपण जाणतों. परंतु अनुमान बरोबर असणें निराळें आणि तें तपासून पाहणें निराळें. तपासण्याची बुद्धि आणि साधन हीं दोन्हीं एकत्र येईपर्यंत अॅरिस्टॉटलचें वाक्य ग्रंथांत तसेंच पडून राहिलें.

तीं एकत्र आलीं सतराव्या शतकांत. इटलींतील बोलोन्या येथील वैद्य मार्सेल्लो माल्पीगी आणि इंग्लंडांतील वैद्य नेहेमाया ग्रू या दोघांनीं, एकमेकांस न भेटतां, सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं वनस्पतींचे अवयव पाहण्यास आरंभ केला. इ. स. १६७१ च्या डिसेंबरांत दोघांचेंहि काम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें जवळजवळ एकाच वेळीं आलें. ग्रू यानें आपल्या पहिल्या ग्रंथाचा आरंभच मुळीं भिजलेल्या घेवड्यासारख्या एका दाण्यापासून केला आहे. त्यानें दाण्याची साल काढली, दोन दळें अलग केलीं आणि त्यांच्या सांध्याशीं दडलेलें चिमुकलें मूळ व चिमुकला कोंब यांचें वर्णन केलें. माल्पीगीची दृष्टि याहून एक पाऊल पुढें गेली. कोंबडीच्या अंड्यांत पिलूं दिवसेंदिवस कसें वाढतें याचा त्यानें अभ्यास केलेला होता, व त्यावरील त्याचा निबंध १६७३ मध्यें प्रसिद्ध झाला. तोच मनुष्य आतां बीकडे वळला. त्यानें उगवत्या रोपांचीं बीजदलें खुडून टाकलीं आणि काय होतें तें पाहिलें. रोपांची वाढ खुंटली. अॅरिस्टॉटलनें जें साम्यावरून म्हटलें होतें, तें या खुडण्यानें सिद्ध झालें: बीजदलें ही केवळ दाण्याची जाडी नव्हे, ती बाळाची शिदोरी आहे.

या शोधाची साक्ष आमच्या स्वयंपाकघरांत रोज पडते, पण तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ करतों म्हणजे आपण काय करतों? भरडून दोन दळें वेगळीं करतों. या धांदलींत सांध्यावरचा गर्भ निखळून कोंड्याबरोबर पाखडला जातो. डाळ म्हणजे बाळावांचून राहिलेली शिदोरी होय. म्हणूनच अख्खा हरभरा पेरला तर उगवतो, आणि डाळ पेरली तर कुजते.

शिदोरी बांधण्याच्या तऱ्हा मात्र सर्वत्र सारख्या नाहींत. हरभरा, तूर, वाल, भुईमूग यांच्यांत ती बीजदलांतच भरलेली असते. गहूं, ज्वारी, भात यांच्यांत गर्भ दाण्याच्या एका टोकाशीं असतो आणि अन्न त्याच्या बाहेर, शेजारीं रचलेलें असतें. या सांठ्यास भ्रूणपोष असें म्हणतात. गव्हाच्या दाण्यांत वजनाचे शेंकडा ऐंशींहून अधिक भाग भ्रूणपोषाचे असून गर्भाचा वांटा शेंकडा दोन-तीन भागांचाच असतो. एरंडीच्या भ्रूणपोषांत पिठाऐवजीं तेल भरलेलें असतें, आणि त्या तेलापासून रोप साखर तयार करतें. ही किमया आपल्या शरीरास साधत नाहीं. ती एरंडींत कशी घडते याचा उलगडा इंग्लंडांत १९५७ च्या सुमारास कॉर्नबर्ग व बीव्हर्स यांनीं केला. कोंकणांत व गोव्यांत ज्या नारळावर घरें चालतात, त्या नारळाचें पाणी आणि खोबरें हीं दोन्हीं भ्रूणपोषाचींच रूपें आहेत. शहाळ्यांत तो पातळ असतो, पुढें तोच कवटीच्या आंतल्या अंगास बसत जातो. रोपासाठीं ठेवलेला नारळ फोडला म्हणजे आंत जो गोड, भुसभुशीत, पांढरा गोळा सांपडतो व मुलें ज्यावर झडप घालतात, तो म्हणजे खोबरें शोषून घेण्यासाठीं गर्भाच्या बीजदलानें आंत पसरलेला हात होय.

याच्या अगदीं उलट टोंक म्हणजे सह्याद्रींतील झाडांच्या खांद्यांवर वाढणाऱ्या आमरी. त्यांच्या एका बोंडांत हजारों बिया असतात आणि प्रत्येक बी धुळीच्या कणाएवढी. आईनें इतक्या लेकरांना जन्म दिला कीं, कोणाच्याच पदरीं शिदोरी बांधतां आली नाहीं. अशी बी उगवते तरी कशी हें कोडें १८९९ मध्यें नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें सोडविलें. जमिनींतील किंवा सालींवरील विशिष्ट बुरशी बीमध्यें शिरते, आणि तिच्यापासून तो उपाशी गर्भ अन्न मिळवितो. ज्यांना अशी बुरशी भेटत नाहीं त्या सर्व बिया मरतात. शिदोरीचें मोल किती, हें शिदोरी नसलेल्या या लेकरांवरून जितकें कळतें तितकें दुसऱ्या कशावरूनहि कळत नाहीं.

आतां प्रश्नाचा दुसरा भाग पुढें येतो. दाण्यांतलें पीठ कोरडें असतें. कोरडें पीठ गर्भाला खातां येत नाहीं. त्याला विरघळलेली साखर हवी. मग पिठाची साखर करतें कोण? येथून ही हकीकत सूक्ष्मदर्शकवाल्यांच्या हातून रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं जाते. माल्पीगीच्याच बोलोन्या शहरांत याकोपो बेक्कारी यानें १७२८ मध्यें गव्हाची कणीक पाण्याखालीं मळून तिचे दोन भाग केले. पाण्याबरोबर पांढरें सत्त्व वाहून गेलें आणि हातांत चिकट, रबरासारखा गोळा राहिला. सत्त्व हें पिष्ट होय, आणि चिकट गोळा हें प्रथिन. मांसासारखा पदार्थ धान्यांतहि आहे हें पाहून त्या काळच्या विद्वानांना मोठा अचंबा वाटला. पुढें १८११ च्या सुमारास रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें किर्खोफ यानें पातळ आम्लांत पिष्ट उकळून त्याची साखर करून दाखविली, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतच दाण्यांतील चिकट द्रव्यहि आम्लावांचून तेंच काम करतें असें सिद्ध केलें. शेवटीं १८३३ मध्यें पॅरिस येथें पायां व पेर्सो या दोघांनीं मोड आलेल्या जवसाच्या—मद्यासाठीं भिजविलेल्या जवाच्या, अळशीच्या नव्हे—अर्कांतून एक पांढरी पूड वेगळी काढली. चिमूटभर पूड पुष्कळशा पिष्टाची साखर करी. तिला त्यांनीं डायास्टेज असें नांव दिलें. सजीवांतून वेगळें काढलेलें हें पहिलें विकर. आज हजारों विकरें माहीत आहेत, पण त्या सर्वांच्या वंशावळींत आद्य पुरुषाचा मान मोड आलेल्या दाण्याकडे जातो.

पॅरिसच्या या शोधाच्या कितीतरी पूर्वींपासून आमच्या बायका त्याचा उपयोग करीत आल्या आहेत. मटकी भिजवून फडक्यांत बांधून ठेवली कीं मोड येतात आणि ती पचावयास हलकी होते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तिचें सत्त्व लहान मुलांस देतात. यांतलें मर्म असें कीं, मोड येतांच दाण्यांतील विकरें जागीं होतात आणि आपल्या गर्भासाठीं अन्न पचवूं लागतात. तें अर्धवट पचलेलें अन्न आपण मध्येंच उचलून आपल्या बाळाच्या तोंडीं घालतों. नाचणीच्या आईनें स्वतःच्या लेकरासाठीं जें योजिलें, तें आमच्या लेकरास मानवतें.

विकर कोठून येतें आणि त्याला जागें कोण करतें हें कळण्यास आणखी सव्वाशें वर्षें लागलीं. १८९० मध्यें हाबरलांट या शास्त्रज्ञानें राय धान्याच्या दाण्याकडे बारकाईनें पाहून दाखविलें कीं, भ्रूणपोषाच्या बाहेरच्या अंगास, सालीच्या लगत, जिवंत पेशींचा जो पातळ थर असतो त्यांतून हें पाचक द्रव्य पाझरतें. मधला पिठाचा भाग मेलेला असतो. त्याला वेढणारा हा थर मात्र जिवंत राहतो. याच्यापुढचा दुवा अगदींच आडवाटेनें सांपडला. जपानांत भाताच्या रोपांवर एक रोग पडे. रोपें भराभर उंच होत, पिंवळीं पडत आणि दाणा न भरतां कोसळत. शेतकरी त्यांना वेडीं रोपें म्हणत. १९२६ मध्यें फॉर्मोसा बेटांत काम करणाऱ्या कुरोसावा यानें दाखविलें कीं, एक बुरशी जें द्रव्य सोडते त्याचा हा परिणाम आहे. याबूता यानें त्या द्रव्यास जिबरेलिन असें नांव दिलें आणि १९३८ पर्यंत त्याचे स्फटिकहि मिळविले. मग १९६० मध्यें जपानांत योमो आणि ऑस्ट्रेलियांत पेलेग यांना स्वतंत्रपणें असें आढळलें कीं, गर्भ काढून टाकलेल्या जवाच्या अर्ध्या दाण्यावर हें द्रव्य घातलें तर गर्भावांचूनच त्यांतील पिष्टाची साखर होऊं लागते. यावरून सर्व सांखळी जुळली. पाणी मिळून गर्भ जागा झाला म्हणजे तो स्वतःच जिबरेलिन तयार करून निरोप धाडतो. निरोप पोंचतांच कडेचा थर विकरें सोडतो. विकरें पिठाची साखर करतात. आणि गर्भाच्या अंगचें ढालीसारखें बीजदल ती साखर शोषून अंकुराकडे पोंचवितें. भुकेलें मूल रडतें आणि आई उठते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं, येथें आई हजर नसते. ती निघून जाण्यापूर्वींच सर्व व्यवस्था लावून गेलेली असते.

ही शिदोरी नेमकी कोणी बांधली, हा प्रश्न राहिलाच. ती आईनेंच बांधली असें सर्वजण समजत होते. १८९८ च्या ऑगस्टांत कीव्ह येथें भरलेल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेंत सेर्गेई नावाशिन यानें लिलीच्या कुळांतील फुलांवरील आपलीं निरीक्षणें सांगितलीं, आणि पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें गीन्यार यानेंहि स्वतंत्रपणें तींच प्रसिद्ध केलीं. परागनलिकेंतून एक नव्हे, दोन नरकेंद्रकें आंत उतरतात. एकाचा संयोग अंडपेशीशीं होऊन गर्भ होतो. दुसऱ्याचा संयोग आईच्या दोन केंद्रकांशीं होऊन भ्रूणपोष होतो. बहुतेक फुलझाडांत हाच नियम आहे. तेव्हां शिदोरींत आईचे दोन वांटे आहेत आणि बापाचा एक. इतकेंच नव्हे, तर भ्रूणपोष हें एका अर्थीं गर्भाचें जुळें भावंड ठरतें. मात्र त्याला स्वतःचा वंश नाहीं. दुसऱ्याला वाढवून संपून जाणें एवढेंच त्याचें आयुष्य. सायकस, देवदार अशा फुलें नसलेल्या प्राचीन वृक्षांत आई गर्भ राहण्यापूर्वींच सांठा करूं लागते, मग गर्भ राहो वा न राहो. फुलझाडें मात्र फलन झाल्याची खूण पटल्यावरच कोठार भरावयास घेतात. पुढें या शास्त्रांत भारतीयांनींहि नांव मिळविलें. दिल्ली विद्यापीठांतील पंचानन माहेश्वरी यांचा फुलझाडांच्या गर्भशास्त्रावरील १९५० सालचा ग्रंथ देशोदेशीं पाठ्यग्रंथ झाला; आणि त्याच विद्यापीठांत १९६५ मध्यें जोहरी व भोजवानी यांनीं त्या निर्वंश भावंडालाच, म्हणजे एका झाडाच्या भ्रूणपोषालाच, प्रयोगशाळेंत कोंब आणून दाखविले.

अशी ही शिदोरी किती दिवस टिकते? दाणा पिकतांना बहुतेक पाणी टाकून देतो. कोठारांतल्या कोरड्या धान्यांत शेंकडा दहा-पंधरा भागच पाणी असतें. त्यामुळें आंतील जीव जवळजवळ थांबलेला असतो, आणि सांठा फारच हळूहळू खर्च होतो. मृत समुद्राजवळील मसादाच्या किल्ल्यांत सांपडलेली सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची खजुराची बी इस्राएलांत २००५ मध्यें रुजली. ज्या झाडानें ती शिदोरी बांधली तें रोमन लोकांच्या काळांतलें; जिनें ती खाल्ली ती रोपटी आपल्या काळांतली. हें उदाहरण विरळा असलें तरी नियम सर्वत्र एकच. ज्वारीचा दाणा रुजतो तेव्हां त्याची आई कडबा होऊन गुरांच्या पोटांत गेलेली असते. खाणाऱ्याची आणि बांधणाऱ्याची गांठ कधींच पडत नाहीं.

याच अंगणांत मनुष्य शिरला. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत त्यानें गहूं व जव हीं रानगवतें शेतांत आणलीं. ज्यांचे दाणे पिकल्यावर गळत नाहींत आणि ज्यांचीं कोठारें मोठीं आहेत, तींच तो हंगामामागून हंगाम पेरीत गेला. गहूं, भात, मका यांचीं पोतीं म्हणजे गर्भांसाठीं सांठविलेलें आणि मनुष्यानें आपल्याकडे वळविलेलें अन्न होय. या व्यवहारांत एकच अट आहे: सगळें खावयाचें नाहीं. जो सगळें खातो त्याला पुढच्या वर्षीं उपाशी मरावें लागतें. ही अट सुखाच्या दिवसांत पाळणें सोपें आहे; दुष्काळांत ती पाळणें म्हणजे पोटच्या पोराच्या तोंडापुढून दाणे बाजूला काढणें. आमच्या राज्यकर्त्यांपैकीं ज्यांना शेती कळत होती त्यांना हेंहि कळत होतें. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दींत ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास जें पत्र गेलें, त्यांत अशी आज्ञा आहे कीं, ज्या कुणब्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहींत आणि पोटास दाणे नाहींत, त्याला बैलांसाठीं पैका व पोटासाठीं दाणे द्यावे, आणि वाढीदिडी न घेतां तें मुद्दल त्याला तवानगी आल्यावर हळूहळू वसूल करावें. पोटास दाणे द्यावे या शब्दांत फार मोठें शहाणपण आहे. भुकेल्या कुणब्याच्या घरांतलें बियाणें शेतापर्यंत पोंचत नाहीं, म्हणून आधीं त्याची भूक भागली पाहिजे.

ही अट माणसानें कोणत्या टोंकापर्यंत पाळली याचें उदाहरण किर्खोफच्याच शहरांत घडलें. सेंट पीटर्सबर्गचें नांव तेव्हां लेनिनग्राड झालें होतें. तेथील वनस्पतिसंशोधन संस्थेचे प्रमुख निकोलाय वाव्हिलोव्ह यांनीं १९२० नंतरच्या वीस वर्षांत अफगाणिस्तान, हबसाण, दक्षिण अमेरिका अशा देशोदेशींच्या शेतांतून धान्यांचीं, कडधान्यांचीं व फळांचीं वाणें गोळा करून एवढा मोठा संग्रह उभा केला होता कीं, त्या काळीं त्याला जोड नव्हती. पिकांवर उद्यां जे रोग येतील, जे अवर्षणाचे दिवस येतील, त्यांना तोंड देणारें वाण कोठल्या डोंगरी खेड्यांत असेल हें आज सांगतां येत नाहीं, म्हणून सर्वच राखलें पाहिजे, हा त्यांचा विचार. १९४० च्या ऑगस्टांत स्तालिनच्या सरकारनें त्यांना कैद केलें. ८ सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्यानें शहरास वेढा घातला, तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत उठला नाहीं. त्या पहिल्या हिवाळ्यांत कारकून, मुलें व म्हातारीं यांस दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यांतहि पिठाखेरीज इतर भेसळ असे. लाखों माणसें भुकेनें मेलीं.

संस्थेच्या गार अंधाऱ्या खोल्यांतून त्या वेळीं तांदूळ, गहूं, मका, वाटाणे, भुईमूग यांचीं हजारों पुडकीं व डबे रचलेले होते. त्यांवर पहारा करणारे शास्त्रज्ञ उंदीर हांकीत आणि थंडीपासून बियाणें जपत. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशींच मरण पावले. तांदुळाचे तज्ज्ञ द्मित्री इव्हानोव्ह यांचा अंत झाला तेव्हां त्यांच्या स्वाधीन हजारों वाणांचा तांदूळ सुरक्षित होता. त्यांच्या आणखी कित्येक सहकाऱ्यांचीहि हीच गत झाली. आणि ज्यांनीं हा संग्रह केला ते वाव्हिलोव्ह २६ जानेवारी १९४३ रोजीं सारातोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनेंच वारले.

या गोष्टीचा गौरव सर्वत्र होतो. पण गौरव करतांना तिच्यांतला कठीण प्रश्न टाळूं नये असें आम्हांस वाटतें. बाहेर रस्त्यावर मुलें मरत असतां कपाटांत तांदूळ ठेवणें योग्य होतें काय? त्या लोकांनीं मूठभर दाणे खाल्ले असते तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासहि नव्हता. परंतु त्यांच्या बाजूनें विचार केला म्हणजे दोन गोष्टी दिसतात. ज्या शहरांत लाखों तोंडें होतीं, त्याची भूक त्या पुडक्यांनीं फार काळ भागली नसती; आणि एखादें वाण एकदां गिळलें म्हणजे तें निर्माण करणाऱ्या शेंकडों पिढ्यांची मेहनत त्याच घांसाबरोबर जाते, ती कोणत्याहि किमतीस परत मिळत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. दाण्यांतील अन्न कोणासाठीं असतें हें या मंडळींना जगांत सर्वांपेक्षां अधिक नेमकें ठाऊक होतें. जें अन्न हजर नसलेल्यासाठीं बांधलेलें आहे, त्याचे ते राखणदार होते. राखणदारानें शिदोरी खाल्ली नाहीं, एवढेंच त्यांनीं केलें. आणि तेवढ्यासाठीं प्राण दिले.

त्यांचा विचार वायां गेला नाहीं. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार बेटावर बर्फाळ डोंगराच्या पोटांत २००८ मध्यें सर्व जगाचें बियाणें ठेवण्यासाठीं कोठार उघडण्यांत आलें. सीरियांतील यादवीमुळें अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय बीजसंग्रहाचें काम अशक्य झालें तेव्हां २०१५ मध्यें त्या कोठारांतून पहिल्यानें बियाणें काढण्यांत आलें, लेबानन व मोरोक्को येथें तें पेरण्यांत आलें, आणि वाढलेल्या पिकाचा वांटा पुन्हां त्या बर्फांत नेऊन ठेवण्यांत आला. आमच्याकडे दिल्लीस सरकारी राष्ट्रीय संग्रह आहे. आणि नगर जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां आपल्या घरीं गांवठी वाणांचा जो संग्रह केला, त्याबद्दल त्यांना २०२० मध्यें पद्मश्री जाहीर झाली. वाव्हिलोव्ह यांच्या ग्रंथांतील विचार आणि मडक्यांत राख घालून वालाचें बियाणें जपणाऱ्या बाईचा विचार, हे दोन नव्हेत.

दाण्याला कोण खावयास घालतें, या प्रश्नाचें उत्तर अॅरिस्टॉटलपासून पेलेगपर्यंत कांहीं हजार वर्षांत मिळालें. तें दाण्यापुरतें पुरें आहे. दाणा किती खावा आणि किती राखावा, याचें उत्तर मात्र कोणत्याहि प्रयोगशाळेंत एकदांच मिळून संपत नाहीं. तें दर साली, मृग निघण्यापूर्वीं, ज्याच्या घरांत शेवटचें मडकें उरलें आहे त्याला द्यावें लागतें. आणि त्यानें तें बरोबर दिलें म्हणूनच आपण सर्वजण आज जेवलों आहों.